बर्फावरची नोकरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या कारकिर्दीबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेकांना कुतूहल आहे ते पगाराचं. पण पगार, जागा आणि कारकिर्दीची लांबी हे सगळं ज्या बारीक अक्षरांत ठरतं, ती करारातली कलमं फारशी कुणी विचारत नाही. म्हणून उत्तरांत त्यांना जरा जास्त जागा दिली आहे. रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : माझा भाचा ऑन्टारिओत राहतो, १४ वर्षांचा आहे आणि डिफेन्समन म्हणून चांगला खेळतो. काही जण म्हणतात ज्युनिअर लीगमध्ये घाला, काही म्हणतात अमेरिकेतलं कॉलेज गाठा. एकदा ज्युनिअरकडे गेलं की कॉलेज कायमचं बंद, असंही ऐकलंय. खरं काय?

परवापरवापर्यंत खरं होतं, आता नाही. ऑन्टारिओ, वेस्टर्न आणि क्वेबेक या तीन मोठ्या ज्युनिअर लीग मिळून सीएचएल, म्हणजे कॅनेडियन हॉकी लीग, होते. तिथे मुलांना भत्ता मिळतो आणि त्यांच्याबरोबर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या क्लबशी करार केलेले खेळाडूही असतात, म्हणून अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी एनसीएए तिथल्या सगळ्यांनाच व्यावसायिक धरायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने हा नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएल खेळलेला मुलगा पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजकडून खेळू शकतो. त्यामुळे हे का ते, असा प्रश्न आता उरलेला नाही. आधी काय आणि नंतर काय, एवढंच ठरवायचं आहे.

दोन्हीकडचा आठवडा वेगळा असतो. ऑन्टारिओ लीगमध्ये साखळीचे ६८ सामने, बसचे लांब प्रवास, घरापासून दूर 'बिलेट' म्हणजे यजमान कुटुंबाकडे मुक्काम आणि जोडीला शाळा. वेळापत्रक व्यावसायिक लीगसारखं, म्हणून शरीराने तयार झालेल्या मुलाला ते फायद्याचं. कॉलेजात ३५-४० सामने, तेही बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी. उरलेले दिवस सराव आणि जिम. उशिरा उंची येणाऱ्या, अजून हाडकुळ्या असलेल्या मुलाला हा आठवडा मानवतो. डिफेन्समन बहुधा उशिरा पिकतात, त्यांच्यासाठी १६ ते १८ ज्युनिअर आणि मग कॉलेज हा क्रम विचार करण्यासारखा आहे.

आत्ता हातात घ्यायची कामं मात्र वेगळीच आहेत. ऑन्टारिओ लीगची निवड मुलगा ज्या वर्षी १६ चा होतो त्या वर्षीच्या वसंतात होते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. कॉलेजसाठी एनसीएए माध्यमिक शाळेतले १६ ठरावीक 'कोअर' विषय मोजते. ते नववीपासून मोजले जातात, बारावीत धावपळ करून भरून निघत नाहीत. हॉकीच्या नादात गणित किंवा विज्ञानाचा सोपा पर्याय घेतलेल्या मुलांचं इथेच अडतं. शाळेतल्या समुपदेशकाकडून आत्ताच यादी तपासून घ्या. ज्युनिअर क्लबच्या करारात खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च देण्याची तरतूद असते. ती कधीपर्यंत वापरायची आणि व्यावसायिक करारावर सही केली तर तिचं काय होतं, हे दोन परिच्छेद वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

जन्मतारीखही बघा. मुलांचे वयोगट १ जानेवारीला कापले जातात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं नोव्हेंबरातल्यांपेक्षा थोराड असतात आणि संघनिवडीत पुढे दिसतात. एनएचएल ड्राफ्टची, म्हणजे क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क घेतात त्या निवडीची, रेघ मात्र १५ सप्टेंबरची आहे. त्या तारखेपर्यंत १८ पूर्ण करणारा मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतो. १६ सप्टेंबरला जन्मलेल्याला आणखी एक हंगाम दाखवायला मिळतो. भाचा वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतला असेल, तर चौदाव्या वर्षीच्या संघनिवडीवरून कुणी काही भाकीत केलं तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, तर कारकीर्द संपली असं समजायचं का?

नाही. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात, ३२ क्लब, म्हणजे जवळपास २२४ नावं. १९ आणि २० व्या वर्षी पुन्हा संधी असते. त्यानंतर उत्तर अमेरिकेतला न निवडलेला खेळाडू मोकळा होतो आणि कुठल्याही क्लबशी बोलू शकतो. मार्टिन सेंट लुई, सर्गेई बोब्रोव्स्की, आर्तेमी पानारिन यांची नावं ड्राफ्टमध्ये कुणी घेतलीच नव्हती. पावेल दात्स्युक १७१ वा होता, हेन्रिक झेटरबर्ग २१० वा, जो पावेल्स्की २०५ वा.

उलट सातव्या फेरीत निवडलं जाण्यापेक्षा मोकळं राहणं कधी कधी बरं पडतं. निवडलेल्याचे हक्क एकाच क्लबकडे अडकतात. कॉलेजातून चांगला खेळून बाहेर पडलेला मोकळा मुलगा मात्र कुठल्या क्लबकडे त्याच्या जागेवर माणसं कमी आहेत, हे बघून निवड करतो. न निवडलेल्याने जुलैतल्या डेव्हलपमेंट कॅम्पचं आमंत्रण मिळवायचं, तिथून सप्टेंबरातली नवोदितांची स्पर्धा, आणि एनएचएलचा करार मिळत नसेल तर थेट एएचएल, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमधल्या, क्लबशी करार. वाट लांब आहे, पण रुळलेली आहे.

प्रश्न : 'टू-वे' करार म्हणजे नक्की काय? आणि हंगामाआधीच्या कॅम्पमध्ये चमकलेल्या विशीतल्या पोराला खाली पाठवतात, तिशीतला साधारण खेळाडू वर राहतो, हा कुठला न्याय?

न्यायाचा संबंध नाही, कागदाचा आहे.

टू-वे करारात दोन पगार लिहिलेले असतात, एक एनएचएलचा आणि एक एएचएलचा. पैसे दिवसावर मोजतात. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार आहे आणि हंगाम १९२ दिवसांचा, म्हणजे वर असलेल्या प्रत्येक दिवसाचे साधारण ४,०३६ डॉलर. कराराचा एएचएलचा आकडा ८० हजार असेल, तर खालच्या प्रत्येक दिवसाचे ४१७. दहा दिवस वर राहिलेला खेळाडू एएचएलच्या अर्ध्या वर्षाएवढं कमावतो, मग तो बर्फावर उतरो किंवा वर प्रेस बॉक्समध्ये बसून पॉपकॉर्न खावो. 'वन-वे' करारात दोन्हीकडे पगार सारखाच. त्याचा अर्थ 'खाली पाठवता येत नाही' असा अनेक जण घेतात, तो चूक आहे. पाठवता येतं, फक्त क्लबला महाग पडतं.

आता तुमच्या पोराकडे वळू. खाली पाठवायचं तर खेळाडूला वेव्हरवर टाकावं लागतं. २४ तास बाकीच्या ३१ क्लबना त्याला फुकटात उचलता येतं, गुणतक्त्यात तळाला असलेल्याला पहिला मान. पण तरुणांना ठरावीक काळ यातून सूट असते. विसाव्या वर्षी पहिली सही केलेल्या स्केटरला (म्हणजे गोलकीपर नसलेल्याला) ती ३ वर्षं किंवा एनएचएलचे १६० सामने, यातलं जे आधी संपेल तोवर मिळते. हंगाम सुरू व्हायच्या आत रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, २३ वर आणायची असते. मॅनेजर हिशोब करतो : सूट असलेला पोरगा खाली पाठवला तर काहीच जात नाही, तिशीतला पाठवला तर कदाचित दुसरा क्लब घेऊन जाईल. पोरगा खाली जातो. म्हणून प्रत्येक तरुणाने एजंटला पहिला प्रश्न विचारावा तो हा की माझी सूट कुठल्या वर्षी संपते. त्या वर्षीचा कॅम्प त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा. वेव्हरमधून सुटलेला खेळाडू नंतर परत वर आला, तर ३० दिवस किंवा १० सामने होईपर्यंत त्याला पुन्हा वेव्हरशिवाय खाली नेता येतं. दहाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी सूटकेस का भरली जाते, ते यावरून कळेल.

१८-१९ वर्षांच्या मुलांची आणखी एक रेघ आहे. १८ ते २१ व्या वर्षी केलेला पहिला करार तीन वर्षांचा असतो. हंगामात १० पेक्षा कमी एनएचएल सामने खेळले, तर पहिलं वर्ष जळत नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. नवव्या सामन्यानंतर मुलगा ज्युनिअरला परतला, तर तो वाईट खेळला असं धरू नका. क्लब स्वस्तातलं एक वर्ष राखून ठेवत असतो.

वर बोलावणं येतं ते बहुधा दुपारी. ओले स्केट, तीनचार स्टिक, एक सूट, आणि पुढचं विमान. सात वाजताच्या सामन्याला साडेपाचला पोचलेला खेळाडू आपण कुणाच्या शेजारी खेळणार, हे खोलीतल्या फळ्यावरच वाचतो. त्याला सातआठ मिनिटं मिळतात, आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. एवढ्या वेळात गोल करून दाखवण्याच्या नादात ते झोनच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेवर पक, म्हणजे खेळाची चकती, हरवतात. चौथ्या फळीकडून, म्हणजे सगळ्यात कमी वेळ उतरणाऱ्या फॉरवर्डच्या गटाकडून, कोचला तीनच गोष्टी हव्या असतात : पक स्वतःच्या झोनमधून बाहेर काढ, ४० ते ४५ सेकंदांत बेंचवर परत ये, आणि पेनल्टी घेऊ नकोस. कंटाळवाणं खेळणाऱ्यालाच दुसऱ्यांदा फोन येतो.

प्रश्न : किमान पगार पावणेआठ लाख डॉलर, म्हणजे एका हंगामात आयुष्याची ददात मिटली म्हणायची?

कागदावर ७ लाख ७५ हजार, आणि २०२६-२७ पासून ८ लाख ५० हजार. हातात काय पडतं, ते बघू.

पहिली कात्री एस्क्रोची. लीगच्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा, असं लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारात ठरलेलं आहे. सगळ्यांच्या पगाराची बेरीज त्याच्या वर गेली तर फरक भरून काढायला पगारातला काही भाग आधीच राखून ठेवतात. उत्पन्न चांगलं झालं तर तो परत मिळतो. २०२३-२४ पासून २०२५-२६ पर्यंत त्याची कमाल मर्यादा ६ टक्के, म्हणजे आपल्या हिशोबात ४६,५०० डॉलर. एजंटचे ३ ते ५ टक्के, चार धरले तर ३१ हजार. अमेरिकेचा केंद्रीय प्राप्तिकर एकट्या माणसाला सव्वादोन लाखांच्या आसपास, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून पंचवीसेक हजार. मग राज्याचा कर. फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी, नेवाडा आणि वॉशिंग्टन पगारावर कर घेत नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क भरपूर घेतात. शिवाय तुम्ही ज्या राज्यात पाहुणे म्हणून खेळता, तिथेही त्या दिवसांचा कर भरावा लागतो, म्हणजे एकेका खेळाडूची डझनभर विवरणपत्रं. सगळं वजा जाता पूर्ण हंगाम वर काढलेल्याला चार लाखांच्या आतबाहेर ते साडेचार लाखांच्या जवळ, एवढं उरतं. ऑन्टारिओतल्या संघात असाल तर वरच्या टप्प्याचा एकत्रित दर ५३ टक्क्यांच्या पुढे आहे.

दुसरी गोष्ट, पगार येतो फक्त ऑक्टोबर ते एप्रिल, पंधरवड्याने. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जूनपर्यंत खेळलात तरी त्याचा पगार नसतो. लीग एक वेगळा निधी ठेवते, त्यातून फेरीनुसार वाटा मिळतो. उन्हाळ्यात उत्पन्न शून्य आणि खर्च सगळ्यात जास्त. ट्रेनर, बर्फाचं भाडं आणि स्किल कोच बहुधा स्वतःच्या खिशातून. पहिल्या पंधरवड्याच्या पैशातून घर घेणारे मेमध्ये अडकतात. साधी शिस्त अशी : प्रत्येक जमा रकमेचा निम्मा भाग लगेच वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि उरलेल्यातून वर्षाचे बारा महिने चालवायचे. वर्षाला १ कोटी ७० लाखांची सरासरी असलेला किरिल काप्रिझोव्हचा करार बातम्यांत येतो. पण तो आठ वर्षांचा करार एकाचा आहे, आणि त्याच खोलीत दिवसाच्या दराने जगणारेही बसलेले असतात.

प्रश्न : सामना चालू असताना खेळाडू बेंचवर येऊन ब्लेड बदलून घेतात. धार एवढ्या लवकर जाते? माझी मुलगी खेळते, तिच्या स्केटना किती वेळा धार लावावी?

धार बोथट होते ती हळूहळू. सामन्यात जाते ती बहुधा एका फटक्यात. गोलच्या खांबाला किंवा दुसऱ्याच्या ब्लेडला पाय घासला की कडेला खवला पडतो आणि वळताना तो पाय अचानक घसरतो. पूर्वी स्केट काढून यंत्रावर न्यावा लागे. आता होल्डरला खटका असतो. इक्विपमेंट मॅनेजर जुनी पट्टी काढून धार लावलेली नवी बसवतो, काही सेकंदांत. त्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या दोनतीन जोड्या तयार असतात.

ब्लेड सुरीसारखं टोकदार नसतं. ते सुमारे ३ मिलिमीटर रुंद असतं आणि तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते. त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. पन्हळ किती खोल, हे दगडी चाकाच्या गोलाईवर ठरतं, आणि ती इंचात सांगतात. ३/८ इंच म्हणजे खोल, पकड जास्त, पण सरकताना ओढ लागते आणि मांड्या लवकर भरून येतात. ५/८ किंवा ३/४ इंच म्हणजे उथळ, सरक चांगली, पण वळताना पाय सुटू शकतो. बहुतेक दुकानं काही न विचारता १/२ इंच लावून देतात. वजनदार खेळाडू बर्फात आपोआप जास्त रुततो, त्याला उथळ पुरते. हलक्या मुलीला १/२ किंवा ३/८ पासून सुरुवात करायला हरकत नाही. मऊ बर्फावर उथळ, कडक थंड बर्फावर खोल. एका वेळी एकच पायरी बदला आणि निदान दोनतीन सराव त्यावर काढा. एका दिवसात मत बनवलं तर पाय सवयीची तक्रार करतोय की धारेची, हे कळत नाही.

किती वेळा, याला ठरलेला आकडा नाही. बर्फावर साधारण आठदहा तास झाले की तपासा. नखाचा पृष्ठभाग कडेवरून हलकेच आडवा ओढायचा. पांढरा बारीक कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं सरकलं तर गेली. दोन्ही कडा लांबीभर, टाच, मध्य आणि पुढचं टोक, अशा तपासायच्या.

धार लावून आणल्यावर दुकानातच दोन गोष्टी बघा. पहिली, कडा समपातळीत आहेत का. ब्लेडवर एक सपाट पट्टी आडवी ठेवायची. ती एका बाजूला कलली तर एक कड उंच आहे, आणि मुलगी सरळ जाताना पाय सारखा एकीकडे ओढला जाईल. अशा वेळी पालक मुलीच्या तंत्राला दोष देतात, दोष यंत्रावरच्या हाताचा असतो. दुसरी, कडेवरचा बर, म्हणजे घासल्यावर उरणारी धातूची बारीक काटेरी कड. ती हातदगडाने काढलेली हवी. टाचेवर आणि टोकावर जास्त दाब देणाऱ्याकडे वारंवार गेलात, तर ब्लेडचा लांबीतला बाक हळूहळू बदलतो. मूळ बाक माहीत असेल, समजा १० फूट त्रिज्येचा, तर तो लिहून ठेवा आणि अधूनमधून तसाच करून घ्या.

काँक्रीटवर एक पाऊलही स्केट घालून टाकायचं नाही. बर्फावरून आल्यावर ब्लेड कोरडं पुसायचं, घरी नेताना कापडी मोजा घालायचा. कडक प्लॅस्टिकचं कव्हर चालण्यापुरतं. त्यात ओलं ब्लेड रात्रभर राहिलं तर सकाळी कडेवर गंज दिसतो आणि पुढची धार त्या गंजाखालूनच काढावी लागते.

नवे स्केट घेणार असाल तर : माप चालण्याच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान. पाय मागे सारल्यावर टाच हलता कामा नये, आणि उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत. दुकानात ते भट्टीत काही मिनिटं गरम करून पायावर बसवतात. गरम असताना नाडी वर खेचायची नाही, बाजूला ताणायची, नाहीतर भोकांच्या कड्या उपटून येतात. मग २४ तास तरी ते घालून खेळायचं नाही. घोट्याच्या पुढे, नाडीच्या गाठीखाली दुखायला लागलं तर त्याला 'लेस बाइट' म्हणतात. स्केटची कडक जीभ तिथल्या स्नायुबंधांना घासते. वरच्या दोन भोकांची नाडी सैल करा किंवा जेलची गादी लावा. दुखणं सोसून खेळलात तर ते महिनोन् महिने जात नाही.

प्रश्न : नुसत्या मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू अजून असतो का?

जवळजवळ नाही. मारामारीला पाच मिनिटांची पेनल्टी आजही तीच आहे, बदलला तो खेळाचा वेग. चौथ्या फळीलाही आता आठदहा मिनिटं खेळावं लागतं, आणि मंद स्केटर तेवढ्यात गोल खातो. शिवाय सॅलरी कॅपमुळे, म्हणजे क्लबच्या एकूण पगारावरच्या मर्यादेमुळे, तीन मिनिटं खेळणाऱ्यावर पैसे घालणं परवडत नाही. हाणामारी करू शकणारे आजही हवे असतात, पण आधी त्यांना पेनल्टी किलिंग, म्हणजे आपला गडी शिक्षेवर बाहेर असताना बचाव, यायला हवं.

प्रश्न : गोलकीपरला एवढा उशीर का लागतो? आणि त्यांच्या खुब्याची ऑपरेशनं सतत का होतात?

पहिलं उत्तर जागांचं आहे. ३२ क्लब, प्रत्येकाचे दोन, म्हणजे जगभरात मिळून ६४ जागा. फॉरवर्डला चौथ्या फळीवर ठेवून शिकवता येतं, गोलकीपर एक तर आत असतो किंवा बेंचवर. म्हणून क्लब त्याला एएचएलमध्ये खेळवत ठेवतात. तिथेही दुसरा चांगला गोलकीपर असला तर एकाला त्याच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये धाडतात. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला, फिनलंड आणि स्वीडनमध्ये वर्षं काढली, एनएचएलमधला पहिला सामना २८ व्या वर्षी खेळला, आणि २०११ मध्ये बॉस्टनला एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकून देताना प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोलकीपर निवडलात तर पंचविशीपर्यंत धीर ठेवायची तयारी हवी.

खुब्याचं कारण बटरफ्लाय ही शॉट अडवण्याची पद्धत. गुडघे बर्फावर, पाय बाहेर फाकलेले, म्हणजे मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. एका सरावात हे शेकडो वेळा होतं. हाडाच्या मानेवर किंवा वाटीच्या कडेवर जास्तीचा उंचवटा असेल तर दोन हाडं एकमेकांवर आदळतात आणि वाटीभोवतीची कूर्चा फाटते. वाढत्या वयात वर्षभर हेच केलं तर तो उंचवटा वाढतो, म्हणून मुलांनी उन्हाळ्यात दोनतीन महिने गोलपॅड बाजूला ठेवून दुसरा खेळ खेळावा. जांघेत खोलवर दुखणं आणि मोटारीतून उतरताना कळ येणं ही पहिली खूण. 'स्नायू आखडलाय' म्हणून जोरात ताणण्याचे व्यायाम केले तर ते बिघडतं.

जाता जाता : दोन्ही गोलकीपर जखमी झाले तर उभा राहणारा आपत्कालीन गोलकीपर ही आजवर बिनपगारी हौसेची गोष्ट होती. २२ फेब्रुवारी २०२० ला ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स टोरोंटोत पाहुण्या कॅरोलायनाकडून उतरला, दहापैकी आठ शॉट अडवले आणि सामना जिंकला. नव्या सामूहिक करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक क्लबला असा माणूस पगारावर ठेवावा लागेल.

प्रश्न : डोक्याला मार लागल्यावर खेळाडू किती दिवसांत परततो? गळ्याचं संरक्षण सक्तीचं का नाही?

दिवसांवर नाही, पायऱ्यांवर परततो. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही, घरात हलकं चालणं चालतं. मग स्थिर सायकल, मग एकट्याने स्केटिंग, मग धक्का नसलेला सराव, मग डॉक्टरची लेखी परवानगी आणि धक्क्यासकट सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. डोकं दुखलं, उजेड सोसेना, मळमळलं की एक पायरी मागे. सगळ्यात लवकर म्हटलं तरी आठवडा, आणि काहींना महिने. गडबड होते ती खेळाडू लक्षणं लपवतो तेव्हा, आणि टू-वे करारवाला ती सगळ्यात जास्त लपवतो, कारण वरचा प्रत्येक दिवस चार हजारांचा. प्रत्यक्षात वर असताना दुखापत झाली तर जखमींच्या यादीवर त्याला एनएचएलचाच दर मिळतो आणि त्या अवस्थेत खाली पाठवता येत नाही. हे माहीत नसल्याने काही जण मुकाट खेळत राहतात.

२८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अॅडम जॉन्सन या खेळाडूचा गळ्याला स्केटचं ब्लेड लागून मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलू लागले. एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्या, एकही सामना न खेळलेल्या खेळाडूंना कापविरोधी गळपट्टा सक्तीचा होईल. जुन्यांना मुभा. चेहऱ्यावरच्या काचेचंही २०१३ मध्ये असंच केलं होतं. मुलांसाठी घेताना गळपट्टा मान पूर्ण झाकतो का, आणि त्यावर कापविरोधी चाचणीची खूण आहे का, हे बघा. नुसता फोमचा पट्टा ब्लेडपुढे टिकत नाही. मनगटासाठी कापविरोधी पट्टे आणि टाचेच्या वरची शीर झाकणारे कापविरोधी मोजेही त्याच वेळी घ्या.

प्रश्न : मुलींना यात पोट भरण्याएवढी कारकीर्द आहे का?

आता आहे, पण अरुंद. पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला सहा संघांनी सुरू झाली. व्हँकुव्हर आणि सिॲटल धरून २०२५-२६ मध्ये आठ संघ आहेत, प्रत्येकी ३० सामने. किमान पगार ३५ हजारांपासून सुरू झाला आणि दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त द्यावे लागतात, आणि घरभाड्याचा भत्ता वेगळा. एका संघात २३ जणी, म्हणजे सगळ्या मिळून १८४ जागा. यातल्या बहुतेक कॉलेजातून पदवी घेऊन येतात, त्यामुळे मुलींसाठी कॉलेजचा रस्ता हाच मुख्य रस्ता आहे. शिष्यवृत्तीची बोलणी अकरावीच्या सुमारास सुरू होतात.

प्रश्न : तिशी ओलांडल्यावर, एनएचएलची जागा गेल्यावर काय? एएचएलमध्ये खेळत राहता येत नाही का?

येतं, पण तिथेही कागद आड येतो. एएचएलमध्ये सामन्याला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी १३ 'डेव्हलपमेंट' खेळाडू असावे लागतात. त्यातल्या बाराजणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा कमी हवेत आणि एकाचे ३२० पर्यंत. म्हणजे अनुभवी माणसांना प्रत्येक संघात पाचच जागा. कप्तान होऊन पोरांना शिकवेल अशाला त्या मिळतात. नुसता कौशल्यवान बाहेर राहतो. सप्टेंबरात काहींना ट्रायआउटवर कॅम्पला बोलावतात, करार नसतो, जागा मिळाली तर सही.

म्हणून अनेक जण युरोप गाठतात. स्वित्झर्लंड, स्वीडन, फिनलंड आणि जर्मनीत साखळीचे ५०-६० सामने, प्रवास कमी, कुटुंबासाठी बरं. पण परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, स्वित्झर्लंडच्या वरच्या लीगमध्ये एका सामन्याला सहा. परदेशी खेळाडूकडून गोलांची अपेक्षा असते. चौथ्या फळीचं नेमकं काम करणारा माणूस त्यांना स्वदेशीच मिळतो. त्यामुळे एनएचएलमध्ये बचावाच्या भूमिकेत गेलेल्याने जायच्या आधीचा उन्हाळा शॉट आणि पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असतानाच्या हल्ल्यावर, घालवावा. दहाबारा सामन्यांत गुण झाले नाहीत तर डिसेंबरात बदली येते.

सहीच्या आधी करारात पुढचं सगळं लिहून घ्यावं : आकडा करानंतरचा की आधीचा, आणि कुठल्या चलनात, घर आणि गाडी क्लबची की तुमची, पत्नी-मुलांची तिकिटं आणि शाळेची फी, दुखापतीत पगार चालू राहतो का, दोन महिने पगार थकला तर करार मोडता येतो का. हे शेवटचं कलम पैशाची चणचण असलेल्या क्लबांत फार महत्त्वाचं. आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचं ट्रान्सफर कार्ड हातात आल्याशिवाय सामना खेळता येत नाही. आधीच्या क्लबशी वाद उरला असेल तर ते अडतं. जुना करार संपल्याचं पत्र घर सोडण्याआधी मागून घ्यावं, विमानात बसल्यावर ते मिळवणं अवघड जातं.